मुरलेले पाणी : घरातील मत्स्यालयाचा इतिहास



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत राज्यकारभार, धर्म, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची श्रोत्यांना सवय आहे. त्यांच्या पंक्तीत काचेच्या पेटीत पोहणारे दोन मासे हा विषय काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरी लहान मूल आहे त्या घरी कधी ना कधी अशी पेटी येते, आणि पुष्कळ घरांतून ती दोन महिन्यांत माळ्यावर जाते, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. पेटी नवी, काच लखलखीत, पाणी नितळ, वाळू सात वेळा धुतलेली, मासे दुकानातून निवडून आणलेले. पहिले तीन-चार दिवस घरात सण असतो. आठव्या-दहाव्या दिवशी एक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो उलटा तरंगताना दिसतो. मग त्याच्या जोडीदाराची पाळी येते. मूल विचारते, ‘मासा का मेला?’ आणि वडीलधारी माणसे सांगतात, ‘त्याला आपले पाणी मानवले नाही.’

हे उत्तर वाटते तितके चुकीचे नाही. पाणीच मानवलेले नसते. परंतु ते का मानवत नाही आणि कशाने मानवते, हे कळावयास शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. शिवाय ते ज्ञान माशांच्या अभ्यासातून आले नाही. ते शेतातल्या मातीतून, शहराच्या सांडपाण्यातून आणि बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या सोऱ्यातून आले. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

तळ्यातून भांड्यात

मासे केवळ ताटात न वाढता त्यांच्याकडे पाहत बसावे, त्यांना खाऊ घालावे, ही हौस आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना कोणते खाद्य द्यावे, गळ कसा टाकावा याचे त्यात वर्णन येते. परंतु ते मासे नदीतले व तळ्यातले. तळ्यातला मासा पाळणाऱ्यावर फारसा अवलंबून नसतो. पाणी अफाट, तळाशी चिखल, काठाला लव्हाळे. माशाने केलेली घाण त्या पसाऱ्यात कोठल्या कोठे जिरून जाते.

अडचण सुरू होते ती मासा भांड्यात आल्यावर. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम चिनी लोकांनी केला. सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, तेथे सोनेरी मासे बागेतल्या तळ्यांतून हौसेने पाळले जात. पुढे मिंग राजवटीत ते मातीच्या मोठ्या रांजणांत आणि घरातल्या भांड्यांत आले. १५९६ साली चांग चिएन-ते या लेखकाने शेंदरी माशांच्या पालनावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. चिनी मत्स्यपालकांत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की मासा पाळावयाचा असेल तर आधी पाणी पाळावे. या म्हणीत आजच्या व्याख्यानाचे सगळे सार आहे. मात्र ‘पाणी पाळणे’ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा म्हणीत नाही.

सतराव्या शतकात सोनेरी मासा युरोपात पोहोचला आणि काचेच्या गोल भांड्यात जाऊन बसला. मासा गेला, पण त्याचे शहाणपण मागेच राहिले. भांड्यातले पाणी वरचेवर फेकून नवे भरणे एवढाच उपाय युरोपीय घरांत माहीत होता. तो उपाय चुकला की मासा मरे, आणि मेला की दुसरा आणला जाई.

पाणी न बदलता

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही जिज्ञासू माणसांना या मरणाचा कंटाळा आला. त्यांत दोन स्त्रियांची नावे आदराने घ्यावयास हवीत. सिसिली बेटावरील मेसिना येथे राहणाऱ्या झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ साली समुद्रातील आर्गोनॉट या प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या तयार करविल्या. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ साली समुद्रकाठचे जिवंत पोवळे घरी आणून वाढविले. समुद्र दूर, पाणी रोज आणणे अशक्य. म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतीत असे. हवेशी खेळलेले पाणी ताजे राहते, हे त्यांनी ओळखले होते. आज आपण विजेच्या पंपाने जे बुडबुडे सोडतो त्यांची ही आजी म्हणावयास हरकत नाही.

त्याच लंडनात नॅथानिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर होता. १८२९ साली एका बंद बाटलीत त्याने पतंगाचा कोश ठेवला असता तळाच्या ओल्या मातीतून नेचा उगवला आणि शहराच्या धुराचा वारा न लागता वाढत राहिला. त्यावरून त्याने वनस्पतींसाठी बंद काचपेटी बनविली. आपल्या देशाचाही या पेटीशी संबंध आला आहे. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात आणली ती याच वॉर्डच्या पेट्यांतून. काचेत बंद केलेली हवा व माती स्वतःच स्वतःचा व्यवहार चालवू शकते, ही कल्पना तिने लोकांच्या मनात रुजविली. वनस्पतीला जे साधते ते माशाला का साधू नये, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

त्याला हात घातला रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८०७ साली जन्मलेला हा गृहस्थ लंडनच्या ॲपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधे बनविणाऱ्यांच्या जुन्या मंडळाच्या कारखान्यात, रसायनज्ञ होता. १८४१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक. १८४९ च्या मे महिन्यात त्याने बारा गॅलनांचे एक काचपात्र घेतले. तळाशी वाळू, चिखल व दगड घातले, पाणी भरले, व्हॅलिस्नेरिया नावाची पट्टीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. विचार असा की मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेईल, आणि उजेडात वनस्पती जो प्राणवायू सोडते तो मासे घेतील. हे रसायन प्रीस्टली आणि इंगेनहाउझ यांनी अठराव्या शतकातच दाखवून दिले होते.

काही दिवस ठीक गेले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवे शेवाळ चढले. वॉरिंग्टनने पाणी फेकले नाही. निसर्गात कुजके पान कोण खातो, असा विचार करून त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि शेवाळ फस्त केले, वर अंडी घातली, आणि ती माशांना खाऊ झाली. पाणी पुन्हा निवळले. वॉरिंग्टनने हा सारा वृत्तान्त १८५० साली केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांत समतोल राखला की पाणी बदलावयास नको, हा त्याचा निष्कर्ष. घरगुती मत्स्यालयाचे शास्त्र येथून सुरू झाले असे मानतात.

आता, त्याने काय काय केले हे आपण पाहिले, पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याने तळाशी चिखल घातला होता आणि मासे दोनच सोडले होते. या गोष्टींचे मोल त्याच्या सिद्धान्तात कोठेच नव्हते.

वेडाची लाट

यानंतर इंग्लंडात जे घडले त्याला वेड हाच शब्द योग्य. १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडीने समुद्रकिनारा जवळ आणला होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी स्वतंत्र घर उघडले. त्या कामात पुढे असलेल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले, आणि हा शब्द घरोघर गेला. दिवाणखान्यात पियानो तशी काचपेटी असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. सुटीच्या दिवशी बाया, पुरुष, मुले हातात बरण्या घेऊन खडकांवर उतरू लागली.

पेट्या भरल्या, आणि पेट्या कुजल्या. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वनस्पती, प्राणी, गोगलगायी सर्व काही एकाच दिवशी आणून एकाच दिवशी सोडले जाई, आणि दहा-पंधरा दिवसांत घरभर दुर्गंधी सुटे. मग पुन्हा किनारा, पुन्हा बरण्या. जे. जी. वुड या लेखकाने १८६८ साली लिहून ठेवले की दहांतल्या नऊ पेट्या अखेर सोडून देण्यात आल्या. त्या नऊ पेट्यांची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, बालपणी पाहिलेली खडकांमधली फुललेली डबकी पुढे कशी ओसाड झाली, आणि वडिलांच्या पुस्तकांनीच लोकांना तेथवर नेले होते, हे मोठ्या खेदाने सांगितले आहे. ज्या प्राण्यांवर प्रेम करावयास शिकविले त्यांचाच त्या प्रेमापायी संहार झाला. हौसेला ज्ञानाची जोड नसली की ती किती निर्दय होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

या पडझडीत तगून राहिलेल्यांपैकी विल्यम ॲलफर्ड लॉइड हा एक. तो मुळात या पेट्या व प्राणी विकणारा दुकानदार. पुढे हॅम्बुर्गचे आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. १८७४ साली उघडलेल्या नेपल्सच्या मत्स्यालयालाही त्याचा सल्ला लाभला होता. दर्शनी टाक्यांत जेवढे पाणी असेल त्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवावयाचे आणि ते रात्रंदिवस फिरते ठेवावयाचे, ही त्याची रीत. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि जमिनीखाली पाणी थंड राहते, हा त्याचा हिशेब. रीत यशस्वी झाली. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा काचेतून पहिल्यांदा पाहिला तो तेथे. फिरत्या पाण्याची रीत तोवर जगभर रुळली होती.

परंतु अंधाऱ्या हौदातून फिरून आलेले पाणी शुद्ध का होते, याचा खुलासा लॉइडलाही देता आला नव्हता. तो मिळाला मातीत.

सोऱ्याचे कोडे

आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना, विशेषतः गोठ्याच्या भिंतींना, लोणा लागतो हे आपण जाणतोच. गोठ्यातल्या त्या पांढऱ्या फुलोऱ्यात सोऱ्याचा अंश असतो. गुरांचे शेण-मूत जिथे वर्षानुवर्षे मुरते तेथील माती धुऊन सोरा काढण्याचा धंदा आपल्या देशात फार जुना. बिहारमधला सोरा डच आणि इंग्रज कंपन्या जहाजे भरभरून नेत. युरोपातल्या कित्येक लढायांच्या तोफांत तो उडाला आहे. सोरा काढणाऱ्या लोकांना एवढे ठाऊक होते की ताज्या घाणीत सोरा नसतो. तो मुरावा लागतो. शेण-मुतातला उग्र वासाचा अमोनिया हळूहळू नाहीसा होतो आणि त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचे मूलद्रव्य, येते. हे कोण करते? रसायनशास्त्रज्ञ म्हणत की हवेतला प्राणवायू करतो. ही एक साधी रासायनिक क्रिया आहे.

१८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी या समजुतीला धक्का दिला. शहराचे सांडपाणी मातीतून झिरपले की शुद्ध होते, ते कसे, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांनी एका लांब नळीत वाळू भरली आणि तीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. पहिले वीस दिवस काहीही घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसाच बाहेर आला. नंतर नायट्रेट दिसू लागले, आणि थोड्याच काळात सगळ्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्रिया जर केवळ रासायनिक, तर ती वीस दिवस कोणाची वाट पाहत होती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. हेच औषध त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला गुंगी आणण्यासाठी देत. क्रिया थांबली. वाफ काढून घेतली तरी ती आपण होऊन सुरू झाली नाही. मग थोडी बागेची माती पाण्यात कालवून ते पाणी वर ओतले, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले. गुंगी येते ती जिवंत वस्तूला. वाळूत कोणीतरी जिवंत राहत होते.

ही बातमी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगकेंद्रात पोहोचली. तेथे १८७६ पासून काम करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न हाती घेतला आणि पुढची दहा-बारा वर्षे त्याचा पाठपुरावा केला. त्याने दाखविले की हे काम एकट्याचे नसून दोघांचे आहे. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. हे काम अंधारात चांगले चालते आणि तीव्र उजेडात मंदावते, हेही त्याने नोंदविले. या गृहस्थाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन.

श्रोतेहो, ही नामसाम्याची गंमत नव्हे. सोनेरी माशांच्या त्या काचपात्राच्या कर्त्याचा हा मुलगा. जन्म १८३८ चा; बापाने दोन मासे पाण्यात सोडले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. बापाने आपले निरीक्षण ज्या संस्थेच्या पत्रिकेत छापले, मुलाचे लेखही त्याच संस्थेच्या पत्रिकेत आले. ज्या प्रश्नाचे अर्धे उत्तर बापाने दिले होते त्याचे उरलेले अर्धे मुलाने शेतातल्या मातीत शोधले. बाप मात्र १८६७ सालीच वारला होता.

मुलाच्या पदरीही पूर्ण यश आले नाही. या जंतूंना वेगळे काढून वाढविण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला, पण जंतू हाती येईनात. जंतू वाढवावयाचे तर त्यांना मांसाचा अर्क, जिलेटिन असे सकस खाद्य द्यावयाचे, ही त्या काळची रूढी. हे जंतू मात्र त्या पक्वान्नाला तोंड लावीत नाहीत. १८९० साली झुरिक येथे विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांना केवळ क्षारांवर वाढविले आणि कोडे सुटले. अमोनिया हेच त्यांचे इंधन, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हेच त्यांचे अन्न.

न दिसणारा बिऱ्हाडकरू

आता आपण काचपेटीकडे परत येऊ. मासा कल्ल्यांतून श्वास घेतो आणि कल्ल्यांतूनच शरीरातला बहुतेक अमोनिया पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातून आणखी अमोनिया निघतो. अमोनिया माशाला विष आहे. त्याचे नायट्राइट झाले तरी तेही विषच; ते रक्तातल्या तांबड्या द्रव्याला असे बिघडवते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. आरंभी सांगितलेली ती तोंडाची उघडझाप पुष्कळदा याच कारणाने होते. शेवटी होणारे नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य; ते काही वनस्पती घेतात, काही आपण पाणी बदलून काढून टाकतो.

थोरल्या वॉरिंग्टनच्या पात्रात चिखल होता. चिखलातून हे जंतू आले, मासे दोनच असल्याने त्यांना वाढावयास सवड मिळाली, आणि समतोल साधला. श्रेय मिळाले ते वनस्पतीला व गोगलगायीला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ‘समतोल मत्स्यालय’ हा मंत्र पुस्तकांतून घोकला गेला. १९४९ साली जेम्स ॲट्झ या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवून दिले की पेटीतल्या माशांना प्राणवायू मिळतो तो मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून, हवेशी होणाऱ्या देवघेवीतून. रात्री तर वनस्पतीच प्राणवायू खातात. वनस्पती निरुपयोगी नाहीत. पण घर त्यांच्या खांद्यावर उभे नाही. ते वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजावर चिकटून राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बिऱ्हाडकरूंवर उभे आहे.

हे बिऱ्हाडकरू कोण, याचा शोध आपल्या काळापर्यंत चालू राहिला, आणि गंमत अशी की शेवटी मत्स्यालयांनीच मातीच्या शास्त्राला परतफेड केली. १९९६ आणि १९९८ साली टिमथी होव्हानेक आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की गोड्या पाण्याच्या पेट्यांत काम करणारे जंतू पाठ्यपुस्तकातल्या जातींहून वेगळे आहेत. २००५ साली सिॲटलच्या मत्स्यालयातील एका टाकीच्या खड्यांवरून समुद्रातला एक अगदी निराळ्या कुळीचा सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला. अमोनियावर जगणारा त्या कुळीतला तो पहिलाच. आणि २०१५ साली, दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जंतू सापडला. त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या गाळणीतला होता. धाकट्या वॉरिंग्टनने जे काम दोघांचे म्हणून सांगितले, ते करणारा एकांडा शिलेदारही निसर्गाने ठेवला होता.

नवी पेटी आणि नवा पाहुणा

या इतिहासाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. श्लोसिंगच्या नळीतील ते वीस दिवस आठवा. आपल्या घरातली नवी पेटी म्हणजे तीच नळी. काच, वाळू, गाळणी सारे नवे. बिऱ्हाडकरू अजून आलेले नाहीत. प्रथम अमोनिया चढतो. त्याला खाणारे वाढले की तो उतरतो आणि नायट्राइट चढते. मग तेही उतरते. या सर्वाला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. कैरीचे लोणचे आज घातले आणि उद्या वाढले, असे होत नाही; तसेच पाणीही मुरावे लागते. म्हणून पेटी माशांवाचून सुरू करावी, चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे, आणि दुकानात मिळणाऱ्या परीक्षणाच्या द्रवाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करूनच मासे आणावेत; तेही एकदम दहा नव्हे, दोन-तीन. एखाद्या निरोगी जुन्या पेटीतली मूठभर वाळू किंवा गाळणीचा तुकडा मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. श्लोसिंगने ओतलेले मातीचे पाणी ते हेच.

येथे आपली स्वच्छतेची आवडच आड येते. पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखे धुरकट झाले की घरातले लोक घाबरून पेटी रिकामी करतात, वाळू नळाखाली चोळून धुतात, स्पंज पिळून उन्हात टाकतात. पेटी पुन्हा चकचकीत होते, आणि आठवडाभराचे बिऱ्हाड मोरीतून वाहून जाते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रोगजंतूंबरोबर या उपकारी जंतूंनाही मारतो, आणि माशाचे कल्लेही जाळतो. म्हणून पेटीत घालावयाचे पाणी एक दिवस उघडे ठेवावे. जेथे पाण्यात क्लोरॅमीन वापरतात तेथे तेवढ्याने भागत नाही, क्लोरीन मारणारे औषध घालावे लागते. जुन्या छायाचित्रकारांचा हायपो हा त्याच जातीचा पदार्थ. गाळणी धुवावयाची तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके खंगाळावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर अधिक सांभाळावे. कारण पाण्याची अल्कता सातवरून आठवर गेली की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो, आणि उन्हाळ्यात तो आणखी वाढतो. माशांना नायट्राइटची बाधा दिसली की जुने जाणते लोक पाण्यात थोडे मीठ टाकतात. तो तोडगा नव्हे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवितो.

आणि नवा पाहुणा? पिशवीतून आणलेला मासा प्रवासाने अर्धमेला झालेला असतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होऊ द्यावी, आणि मग मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानातले पाणी पेटीत ओतू नये. त्याहून बरे म्हणजे त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावे. अर्थात त्या भांड्यातले पाणीही मुरलेले हवे. १३७७ साली ॲड्रियाटिक समुद्रावरील रागुझा बंदराने प्लेगच्या भयाने परक्या जहाजांतील लोकांना तीस दिवस बाहेर थांबविले. पुढे व्हेनिससारख्या बंदरांत ते चाळीस झाले आणि त्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगात तो ऐकू आला, आणि २०२० साली विलगीकरण या नावाने घरोघर कळला. माशांच्या बाबतीत त्याचे कारण स्पष्ट आहे. पांढरे ठिपके आणणारा इक नावाचा परजीवी माशाच्या कातडीखाली दडतो. तेथे औषध पोहोचत नाही. तो तळाला पडून शेकड्यांनी फुटतो आणि नवा मासा शोधीत पोहू लागतो, तेव्हाच काय तो औषधाने मरतो. म्हणून औषध एकदा घालून भागत नाही, आणि ठिपके गेले म्हणजे रोग गेला असेही नाही.

समारोप

ही हकीकत आपणांस एवढेच सांगते, की माशांवर प्रेम करणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. वाण होती ती वाट पाहणाऱ्यांची. गॉसचे वाचक निर्दय नव्हते, उतावळे होते. त्यांना आपण हसू नये, कारण त्यांच्यापाशी नसलेले ज्ञान आज आपल्यापाशी आहे, आणि तरीही दर सुटीत तेच मासे त्याच आठव्या-दहाव्या दिवशी मरतात. मुलांना जिवंत प्राणी आणून द्यावयाचा तर त्याच्या आधी चार आठवडे रिकामी पेटी दाखवावी. तीत काही दिसत नाही, पण काम चालू आहे, हे त्यांना सांगावे. रोज परीक्षणाच्या द्रवाचा रंग त्यांनाच पाहू द्यावा आणि वहीत उतरवू द्यावा. काचपेटी एका दिवसात भरते, पण वसते महिना-दीड महिन्याने. तोवर वाट पाहणे हीच माशाची पहिली सेवा होय.